पहिला माणूस कामाला ठेवताना: भोसरीच्या एका वर्कशॉपमधून

पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक भागात शेड घेतलं, दोन मशीन बसवल्या, पहिली ऑर्डर आली, की लक्षात येतं की आता आपल्या दोन हातांनी भागणार नाही. मग शेजारच्या शेडमधल्या ओळखीच्याला आपण विचारतो, "एखादा चांगला पोरगा आहे का रे बघण्यात?" मीही हेच विचारलं होतं. आलेला पोरगा चांगलाच होता. फक्त मला लेथवाला हवा होता आणि तो वेल्डर निघाला. चूक त्याची नव्हती. मी मागितलाच होता 'चांगला पोरगा'.

आज आमच्याकडे बावीस माणसं आहेत आणि माणूस ठेवायच्या जवळजवळ सगळ्या चुका माझ्या करून झाल्या आहेत. ज्यांना पहिल्यांदाच कुणाला तरी कामावर घ्यायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं मशीन शॉपची आहेत, पण किराणा दुकान असो, केटरिंग असो की दातांचा दवाखाना, क्रम साधारण हाच राहतो.

आधी काम कागदावर आणा

जाहिरात देण्याआधी एक आठवडा ते काम स्वतः करा किंवा करणाऱ्याशेजारी उभे राहा, आणि दिवसभरात हाताला काय काय लागतं ते वहीत टिपा. मग पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'येतानाच यायला हवं', उजवीकडे 'इथे शिकवू'. आमच्या व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटरच्या पानावर डावीकडे तीनच गोष्टी आहेत: ड्रॉइंग वाचता येणं, व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने मोजता येणं, ऑफसेट (टूलच्या मापाची मशीनमधली दुरुस्ती) बदलता येणं. आमची फिक्श्चर (भाग पक्का धरायची साधनं), आमची रजिस्टरं, आमच्या गिऱ्हाइकाचे लाड हे सगळं उजवीकडे.

डावी बाजू लांबत गेली की समजा तुम्ही स्वप्न बघताय. 'प्रोग्रामिंग येत असल्यास उत्तम' एवढी एक ओळ वाढवली की तुम्ही ऑपरेटर सोडून सेटर (मशीन आणि प्रोग्राम लावून देणारा) शोधायला लागता, आणि सेटर ऑपरेटरच्या पगारात येत नाही. 'इंग्रजी चांगले हवे' हीसुद्धा अशीच सवयीने पडणारी ओळ. शॉप फ्लोअरवर इंग्रजी कुणाशी बोलायचंय?

पगाराचा हिशोबही याच कागदाच्या मागच्या बाजूला करा, कारण नवा मालक हमखास इथे फसतो. समजा अठरा हजार पगार ठरवला. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय (कामगार विमा) लागतो (पगार २१,००० पर्यंत असेल त्यांना), वीस किंवा जास्त असतील तर पीएफ. सध्याच्या दरांनी माणसाच्या पगारातून पीएफचे १,८०० (१५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के), ईएसआयचे १३५ (०.७५ टक्के) आणि व्यवसाय कराचे २०० जातात. हातात येतात १५,८६५. तुमच्या खिशातून मात्र अठरा हजारांवर पीएफचे प्रशासकीय खर्च आणि विमा धरून १,९५० आणि ईएसआयचे ५८५ आणखी जातात, म्हणजे एकूण २०,५३५. बोनस, रजा, गणवेश, चहा वेगळे. बाईमाणूस असेल तर २५,००० पर्यंतच्या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, एवढं लक्षात ठेवा. किमान वेतन जानेवारीत आणि जुलैत विशेष भत्त्याबरोबर बदलतं, तेव्हा दर सहा महिन्यांनी तो आकडाही तपासायचा.

उमेदवाराला दोन्ही आकडे सांगा, अठरा हजारही आणि हातात येणारे पंधरा हजार आठशेही. पहिल्या पगाराच्या दिवशी "साहेब, कमी आले" हे ऐकायची वेळ ज्याने आणली त्याने निम्मा विश्वास तिथेच घालवला.

माणसं कुठे मिळतात

सगळ्यात चांगली माणसं आहेत त्या माणसांकडूनच येतात. आमच्याकडे कामगाराने आणलेला माणूस तीन महिने टिकला तर आणणाऱ्याला बक्षीस मिळतं. तीन महिन्यांची अट घालायचीच, नाहीतर बक्षिसापुरती भरती होते. यातला धोका एकच. एकाच गावची सहा माणसं भरली की गावच्या जत्रेला तुमची निम्मी पाळी रिकामी.

दुसरी जागा आयटीआय. औंधची शासकीय आयटीआय, मोरवाडीची महापालिकेची, कासारवाडीची मुलींची. तिथे नोकरीची नोटीस लावण्यापेक्षा ट्रेडच्या सरांना जाऊन भेटा, वर्कशॉप बघा, तुमचा एखादा जॉब (मशीनवर केलेला भाग) त्यांना दाखवायला न्या. कुठला पोरगा हाताने चांगला आहे आणि कुठला फक्त पेपरात चांगला आहे हे सरांना अचूक माहीत असतं. मुलींना मशीनवर घ्यायला अजूनही आपल्याकडे मालक बिचकतात. आमच्या फायनल इन्स्पेक्शनला आज दोघीजणी आहेत आणि गिऱ्हाइकाकडून माल परत यायचं प्रमाण त्या आल्यापासून उतरलंय. स्वतंत्र स्वच्छतागृह मात्र आधी बांधा, मग बोलवा.

अप्रेंटिसचाही विचार करा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्यांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. पोर्टलवर नोंदणी आणि करार करावा लागतो, थोडी कटकट आहे. पण अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर असं धरून त्याला वर्षभर चिप्स (धातूचा कीस) झाडायला लावणारे मालक मी पाहिलेत. असा पोरगा वर्ष संपलं की मागे वळून बघत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये एके काळी 'टेल्कोचा अप्रेंटिस' (टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स) एवढे दोन शब्द दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळायला पुरे व्हायचे. ते वजन शिकवण्यामुळे आलं होतं.

बाकी मग व्हॉट्सअॅपचे ग्रुप, नोकरीची अॅप, शेडच्या फाटकावरचा बोर्ड. बोर्डाला हसू नका. शेजारच्या शेडमध्ये काम करणारा आणि दिघीत किंवा मोशीत राहणारा माणूस रोज तो बोर्ड वाचत जातो. एजंटकडून माणसं घ्यायची असतील तर पैसे तुम्ही देणार, उमेदवाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, हे लेखी ठरवा आणि जाहिरातीतही छापा. चाकणच्या बाजूला नोकरी लावून देतो म्हणून पोरांकडून पैसे उकळायचा धंदा जोरात आहे. आमच्याकडे एकदा आलेल्या पोराने एजंटला दिलेले चार हजार मला मुलाखतीत सांगितले. मला त्यातलं काही माहीत नव्हतं, पण त्याच्या लेखी ते मीच घेतले होते.

फोनवर पाच मिनिटं

आलेल्या प्रत्येकाला शेडवर बोलावू नका, त्याचाही दिवस बुडतो. फोनवर चारच गोष्टी विचारा: कुठे राहता, येणार कसे, शिफ्ट चालेल का, सध्या हातात किती येतात. कात्रजहून भोसरीला सकाळी सातच्या पाळीला येतो म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला मनापासून वाटत असतं की जमेल. मेट्रोने नाशिक फाट्यापर्यंत याल, पुढे काय, हे त्याच्याबरोबर बसून मोजा. पावसाळ्यात तो माणूस तिसऱ्या आठवड्यात गळतो. पाच किलोमीटरच्या आतला थोडा कच्चा माणूस मी लांबच्या पक्क्या माणसाआधी घेतो. हे माझं मत आहे, सगळ्यांना पटत नाही.

मुलाखत, आणि मुलाखतीपेक्षा चाचणी

आपल्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मुलाखती गुरुवारीच ठेवा. दुसरीकडे कामाला असलेल्या माणसाला खाडा न करता येता येतं आणि तुमचं मशीनही रिकामं असतं.

आपली मुलाखत कशी चालते ते आठवून बघा. आडनाव काय, गाव कुठलं, म्हणजे अमक्यांचे कोण, मग चहा, मग "मशीन येतं ना?" "येतं." झालं. आडनावावरून गाव आणि गावावरून पाहुणे काढायची ही खोड लग्न जमवायला ठीक आहे. कामाबद्दल तिच्यातून काही कळत नाही, आणि समोरच्याला आपली जात चाचपली जातेय असं वाटतं, ते बऱ्याचदा खरंही असतं. मुलींना लग्न कधी, मूल कधी हे विचारणं तर बंदच करा.

अमेरिकेत फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली निवडीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र ताळा मांडला. मनाला येईल तशा गप्पांपेक्षा ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाची चाचणी माणूस कसा निघेल हे जास्त बरोबर सांगतात, आणि नुसती अनुभवाची वर्षं फार कमी सांगतात, असं त्यातून निघालं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हा हिशोब पुन्हा तपासला. बरेच आकडे खाली आले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत सगळ्यात वर राहिली. 'दहा वर्षांचा अनुभव' या शब्दांना मी का भुलत नाही त्याचं कारण मात्र मला शेडमध्येच कळलं होतं: एकच वर्ष दहा वेळा केलेली माणसंही असतात.

म्हणून पाच प्रश्न लिहून काढा आणि सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने विचारा. घडलेलं विचारा. "रिजेक्शन आलं तर काय कराल?" याला सगळे सारखंच छान उत्तर देतात. "शेवटचा जॉब रिजेक्ट झाला तो कुठला होता, कशाने गेला, सुपरवायझरला कधी सांगितलं?" याला उत्तर देताना माणूस उघडा पडतो, चांगल्या अर्थानेही. मुलाखतीला दोघं बसा आणि एकमेकांशी बोलायच्या आधी आपापले गुण कागदावर टाका. आधी बोललात तर मालकाचं मत तेच सगळ्यांचं मत होतं.

आता चाचणी. आमच्याकडे ती वीस मिनिटांची आहे. टेबलावर टर्निंग झालेला एक शाफ्ट, त्याचं ड्रॉइंग, व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि कापसाचा बोळा ठेवतो. "पाच मापं घेऊन लिहा, जॉब ओके की नॉट ओके सांगा." मी आकड्यांआधी हात बघतो. जॉब पुसला का? मायक्रोमीटरचा शून्य तपासला का? २५ मिलिमीटरवर दोन शतांश कमी-जास्त एवढीच सूट दिलेली असताना ०.०२ लीस्ट काउंटचा (म्हणजे त्याहून बारीक न मोजणारा) व्हर्निअर उचलला की मायक्रोमीटर? माप एकदाच घेतलं की फिरवून दोन ठिकाणी? ज्याने न सांगता बोळा उचलला त्याचं शिक्षण कुठेही झालेलं असो, कुणीतरी नीट शिकवलेलं असतं. मग एक तुटका इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापायचं टोक) हातात देतो आणि विचारतो, हा असा का तुटला असेल? उत्तर चुकलं तरी चालतं, तो इन्सर्ट फिरवून बघतो का ते मला बघायचं असतं.

तुमचं काम वेगळं असेल तर चाचणीही वेगळी. अकाउंट्सला टॅलीत दहा बिलं टाकायला द्या, त्यातल्या एकावर जीएसटीची बेरीज मुद्दाम चुकलेली ठेवा. काउंटरवरच्या मुलीला एक चिडलेलं गिऱ्हाईक स्वतः बनून दाखवा. मात्र चाचणीच्या नावाखाली दिवसभर उत्पादन करून घेऊ नका. अर्ध्या तासाच्या वर काम लागत असेल तर त्या दिवसाचा पगार द्या.

जुन्या ठिकाणी फोन करायचा तर मालकाला करू नका, ज्या सुपरवायझरच्या हाताखाली काम केलं त्याला करा, आणि एकच विचारा: "परत आला तर घ्याल का?" शब्दांपेक्षा आधीची शांतता ऐका. सध्या जिथे काम चालू आहे तिथे मात्र उमेदवाराला न विचारता फोन करायचा नाही, त्याची आहे ती नोकरी जाईल.

ज्यांना घेत नाही त्यांना कळवा. दोन ओळींचा मेसेज पुरतो. पुणं मोठं झालं असलं तरी भोसरी लहान आहे.

कागद

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावं लागतं. नसतं लागलं तरी द्यावं. काम, पगाराची फोड, पाळी, सुट्टी, प्रोबेशन किती महिने, नोटीस किती दिवस, सगळं मराठीत आणि एका पानात. वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला बघा, अठराच्या खालचा मुलगा मशीनवर उभा करायचा नाही. आधार, बँक पासबुक आणि दाखल्यांच्या झेरॉक्स ठेवा. मूळ कागद अडकवून ठेवायची घाणेरडी पद्धत काही जण अजून चालवतात, त्यात पडू नका. दहा माणसं झाली की लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमायची, ते विसरू नका. मी एक वर्ष विसरलो होतो.

उचल पहिल्याच आठवड्यात मागितली की मालक बिथरतात. बाहेरगावहून आलेल्या पोराला खोलीचं डिपॉझिट भरायचं असतं, एवढंच बहुतेकदा असतं. दहा दिवस झाल्यावर थोडी, लेखी, तीन हप्त्यांत कापून घेऊ असं सांगून द्या.

शिकवणं

माणूस निवडला की काम संपलं असं आपण धरतो आणि त्याला जुन्या माणसाच्या शेजारी उभं करून निघून जातो. "त्याच्याबरोबर राहा, शिकशील." तो जुन्याच्या सगळ्या चुका शिकतो, आणि जुना त्याला मुद्दाम निम्मंच दाखवतो, कारण आपली जागा जाईल ही भीती त्याला कुणी घालवून दिलेली नसते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कसलेले कारागीर आघाडीवर गेले आणि कारखान्यांत नवखी माणसं आली. त्यांना झटपट तयार करायला तिथल्या सरकारने १९४० ते १९४५ मध्ये सुपरवायझरांना शिकवण्याची एक पद्धत शिकवली. पुढे ती जपानला गेली आणि टोयोटाने उचलली. पद्धत चार पायऱ्यांची. आधी माणसाला मोकळं करा, त्याला काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा. मग त्याला करू द्या आणि करताना बोलायला लावा. मग त्याला एकट्याला सोडा, पण अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगून, आणि अधूनमधून जाऊन बघा. शिकणारा शिकला नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही, असं त्या पद्धतीचं साधं म्हणणं.

दुसरी पायरी वाटते तेवढी सोपी नाही. काम तीनदा करून दाखवायचं. पहिल्यांदा नुसत्या पायऱ्या: चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब धरला, आवळला, मशीन चालू केलं. दुसऱ्यांदा प्रत्येक पायरीची मेख: जबडे पुसून जॉब धरायचा, आणि चालू करायच्या आधी चकमधली चावी काढून ट्रेमध्ये ठेवायची. तिसऱ्यांदा त्या मेखेचं कारण: कचरा राहिला तर जॉब तिरका बसतो; चावी राहिली तर ती गोळीसारखी उडते. कारण सांगितलं नाही तर मेख चार दिवसांत विसरली जाते. असंच हातमोज्यांचं. नव्या माणसाला वाटतं मोजे घातले की सुरक्षित. फिरत्या मशीनवर मोजा गुंडाळला जातो आणि हातालाच आत ओढतो, म्हणून लेथवर आणि ड्रिलवर मोजे चालत नाहीत. हे बोर्डावर लिहून भागत नाही, पहिल्या दिवशी मशीन बंद असताना मोजा हातात धरून दाखवावं लागतं.

पहिल्या दिवशी उत्पादन मागू नका. शेड दाखवा, पाण्याची जागा, शौचालय, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवायचं सिलिंडर, वीज कुठून बंद करायची. डबा कुणाबरोबर खायचा हे ठरवून द्या. हे तुम्हाला फालतू वाटेल. आमच्याकडून पहिल्या आठवड्यात निघून गेलेल्या तिघांपैकी दोघं एकटे जेवत होते.

भिंतीवर एक तक्ता लावा: उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत कामं, प्रत्येक चौकोनात एक गोल. बघून माहीत आहे तर गोलाचा पाव भाग भरायचा, मदतीने करतो तर अर्धा, एकटा करतो तर पाऊण, दुसऱ्याला शिकवू शकतो तर पूर्ण. पगारवाढीत शेवटच्या पावाला वजन द्या. ज्या दिवशी आम्ही शिकवणाऱ्याला महिन्याला पाचशे जास्त द्यायला लागलो, त्या दिवसापासून निम्मंच दाखवायचा प्रकार थांबला.

सातव्या, पंधराव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी दहा-दहा मिनिटं बसा. काय जमतंय, काय अडतंय, घरून येताना काय त्रास होतो. जमत नसेल तर तिसाव्या दिवशीच स्पष्ट सांगा आणि एक महिना द्या. प्रोबेशन संपायच्या आदल्या दिवशी सांगणं म्हणजे तुम्ही तीन महिने बघतच नव्हतात.

जाणारा जाणार

दिवाळीचा बोनस झाला की दोन-तीन जण जातात. शेजारी हजार रुपये जास्त मिळतात म्हणून जातात, किंवा तसं सांगतात. अडवू नका, हिशोब अडकवू नका. नव्या वेतन संहितेत दोन कामाच्या दिवसांत तो चुकता करायचा आहे. अनुभवपत्र त्याच दिवशी द्या आणि हिशोबाच्या कागदावर सही झाल्यावर, पैसे खात्यात पडल्यावर, विचारा की जायचं नक्की कधी ठरवलंस. मला बहुतेकांनी एखादी तारीख सांगितली आहे, आणि त्या तारखेच्या आसपास हजेरीच्या वहीत शोधलं की कुणीतरी त्याला सगळ्यांसमोर बोललेलं असतं, किंवा मागितलेली रजा नाकारलेली असते. एकदा रजा नाकारणारी ती सही माझीच होती.

गेल्या वर्षी गेलेल्यांपैकी एक जण आषाढात, पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्या आठवड्यात, फाटकावरचा बोर्ड वाचत उभा होता. त्यालाही आम्ही शाफ्ट आणि मायक्रोमीटर दिला. त्याने आधी बोळा मागितला.